चर्चमधलं चार आवाजांचं गाणं नेमकं चालतं कसं?

कापसाची पहिली वेचणी घरात येते त्या दिवसांत आमच्या यवतमाळकडच्या गावांमधून नाताळच्या क्वायरची प्रॅक्टिस सुरू होते. माणसं वावरातून आली, हातपाय धुतले, चहा झाला की चर्चमध्ये जमतात. पहिल्या आठवड्यात बाहेरच्या ओट्यावर बसून ऐकणाऱ्याला आत गाणं चाललंय असं वाटतच नाही. एक बाई ‘प प प ध प प’ एवढंच पुन्हा पुन्हा घोळवते आहे. दोघं पुरुष अगदी खाली, दोन-तीन सुरांवर ये-जा करताहेत. ओळखीची चाल कुठेच नाही. आमच्या क्वायरमधली एक मावशी वर्षानुवर्षं दुसऱ्या आवाजात, म्हणजे आल्टोत, गाते. तिचं म्हणणं, “म्या एकटीनं म्हटलं त लोकायले वाटते बाई चुकून राह्यली. सगळे संगं असले तवाच माहं बरोबर असते.”

चर्चच्या सामूहिक गायनाबद्दल जाडजूड पुस्तकं लिहिली गेली आहेत, पण त्यातली मुख्य गोष्ट मावशीच्या या दोन वाक्यांत आली. आपल्या सुराचा अर्थ आपल्या एकट्याच्या हातात नसतो, शेजारी कोण काय गातंय त्यावर तो ठरतो. हे कसं, ते पेटीवर दाखवता येतं.

गीत संपल्यावर मंडळी, म्हणजे उपासनेला जमलेले सगळे, ‘आमेन’ म्हणते. पारंपरिक चालीत त्याचे दोन ठोके असतात, ‘आ’ आणि ‘मेन’. सगळे शुद्ध सूर धरा. सर्वात वरचा आवाज, सोप्रानो, दोन्ही ठोक्यांवर वरचा सा लावतो. त्याखालचा आल्टो आधी ध आणि मग प. त्याखालचा टेनर, म्हणजे पुरुषांचा वरचा आवाज, म वरून ग वर येतो. आणि सगळ्यात खालचा बास मंद्र सप्तकातल्या म वरून त्याच सप्तकातल्या सा वर उतरतो. म्हणजे पहिल्या ठोक्याला म, ध, सा एकत्र वाजले आणि दुसऱ्या ठोक्याला सा, ग, प.

आता फक्त वरच्या सा कडे लक्ष द्या. तो जागचा हललेला नाही. तरीही पहिल्यांदा तो अधांतरी वाटतो आणि दुसऱ्यांदा घरी आल्यासारखा. पहिल्या ठोक्याला तो म च्या घरातला पाहुणा होता, कारण खाली बास म वर उभा होता. बास सा वर आला आणि वरचा सा मालक झाला. गाणाऱ्या बाईनं काहीच केलं नाही, खालच्या तिघांनी जमीन सरकवली.

आपल्या गाण्याशी याचा फरक इथेच आहे. आपल्याकडे तानपुरा सा आणि प धरून बसतो आणि तो सा मैफल संपेपर्यंत हलत नाही. गाणारा त्या स्थिर सा पासून लांब जातो, परत येतो, आणि सगळी गंमत त्या अंतराची असते. चार आवाजांच्या गाण्यात पायाच दर दोन-तीन मात्रांनी बदलतो. आपल्या कानाला पहिल्यांदा हे गोंधळाचं वाटतं, त्यात कानाचा काही दोष नाही. तो एका स्थिर सा च्या भरवशावर वाढलेला आहे. भजनी मंडळात बसलेल्या, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला चाल एकच हवी असते, आणि ती कोण म्हणतंय ते कळायला हवं असतं.

सूर एकमेकांत मिसळतात तेव्हा हवेत काय घडतं, तेही थोडक्यात सांगतो. सा सेकंदाला 240 कंपनांचा धरला, तर नैसर्गिक प 360 चा आणि ग 300 चा. 240, 300, 360 म्हणजे 4, 5, 6 असं साधं प्रमाण, म्हणून ते कानाला गुळगुळीत लागतं. पेटीचं मात्र तसं नाही. कोणत्याही पट्टीत वाजवता यावी म्हणून तिच्यावर सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. या वाटणीत प जवळपास नैसर्गिक जागीच राहतो, 359.6 वर. ग मात्र 302.4 वर चढतो. पेटी बंद करून क्वायर गायला लागली की चांगल्या कानाची माणसं नकळत ग थोडा उतरवतात, 300 कडे आणतात, आणि सूर एकदम ‘बसतो’. मग पुढच्या कडव्याला कोणी उत्साहानं पेटी सुरू केली की त्या एका सुरावर सेकंदाला दोन-अडीच वेळा लाट आल्यासारखं थरथरतं. ऐकणाऱ्यांना वाटतं कोणीतरी बेसूर झालं. बेसूर कोणीच नसतं, पेटीचा हिशेब आणि गळ्याचा हिशेब वेगळा असतो एवढंच. आकाशवाणीनं 1940 पासून तीस वर्षांहून जास्त काळ पेटीवर बंदी घातली होती, तिच्यामागे हीसुद्धा एक तक्रार होती.

आता हे सगळं सुरू कुठून झालं? ख्रिस्ती उपासनेत पहिली कितीतरी शतकं चार आवाज नव्हतेच. सगळ्यांनी मिळून एकच चाल म्हणायची, वाद्य नाही, ठोकलेला ताल नाही, शब्दांच्या वजनानं गाणं पुढे जायचं. ग्रेगोरियन म्हणतात ते हे गायन. त्याही काळात गाण्याबद्दल धाकधूक होतीच. चौथ्या-पाचव्या शतकातला संत ऑगस्टीन लिहून गेला आहे, की गाण्यातल्या शब्दांपेक्षा गाण्यानंच आपलं मन जास्त हलतं तेव्हा आपल्या हातून पाप घडतंय असं वाटतं. आणि लगेच असंही, की याच गाण्यानं आपल्याला रडवलं होतं, तेव्हा ते टाकून द्यावं असंही वाटत नाही. कीर्तनात कथेपेक्षा चालीला जास्त टाळ्या पडतात तेव्हा बुवाही असंच काहीतरी पुटपुटत असतील.

नवव्या शतकाच्या सुमाराला मूळ चालीच्या बरोबरीनं तीच चाल चार किंवा पाच सुरांच्या अंतरावर गाण्याची पद्धत लिहून ठेवलेली सापडते. आपली तिफण डोळ्यांपुढे आणा. फण तीन, ओढ एक, आणि दोन तासांमधलं अंतर या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत तेवढंच. सुरुवातीचं दुपदरी गाणं हे असं तिफणीचं होतं. पुढे बाराव्या-तेराव्या शतकात पॅरिसच्या नोत्र दाम या मोठ्या चर्चच्या गायकांनी हे अंतर मोडलं. खालचा आवाज एकेक सूर लांबवर धरून ठेवायचा आणि वरचा त्यावर फिरायचा. पुढच्या तीनशे वर्षांत चारही आवाज इतके स्वतंत्र झाले, की एक जण ‘प्रभू’ म्हणत असताना दुसरा त्याच ओळीच्या शेवटच्या शब्दावर असायचा. संगीत भरजरी झालं आणि शब्द हरवले.

1545 ते 1563 या काळात ट्रेंटला कॅथलिक धर्मपरिषद भरली, तेव्हा ही तक्रार तिच्यासमोर आली. पॅलेस्ट्रीना नावाच्या संगीतकारानं एक मिस्सा, म्हणजे कॅथलिकांच्या मुख्य उपासनेचं गायन, रचून दाखवला आणि बहुस्वरी गाण्याचा जीव वाचवला, अशी एक गोष्ट हौसेनं सांगितली जाते. इतिहासकार ती खरी मानत नाहीत. खरं एवढंच, की पॅलेस्ट्रीनाच्या रचनांमध्ये शब्द कळतात. सगळे आवाज पुष्कळदा एकत्र श्वास घेतात, उड्या लहान असतात, आणि कर्कश सूर आलाच तर तो आधी तयार केलेला आणि नंतर सोडवलेला असतो.

दुसरीकडे कॅथलिक चर्चपासून वेगळी वाट काढणाऱ्या मार्टिन लूथरनं प्रश्नच वेगळा विचारला. तज्ज्ञ गातात आणि मंडळी ऐकते, हे कशाला? 1524 मध्ये त्याच्या मंडळींसाठी जर्मन भाषेतली गीतपुस्तकं निघाली. लोकांना म्हणता येईल अशी चाल, लोकांची भाषा, कडव्यांची रचना. पुढे चाल सगळ्यात वरच्या आवाजाला देऊन खाली तीन आवाज बांधायची रीत पडली, आणि दोनशे वर्षांनी बाख या जर्मन संगीतकारानं अशा शेकडो चालींना चार आवाजांचे साज चढवले. आज आमच्या गावात नाताळला जे चार आवाज ऐकू येतात, ते या घराण्यातले.

ते वऱ्हाडात आणि नागपूरकडे आले ते मिशनरींबरोबर. स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले. ज्या स्कॉटिश चर्चकडून ते आले, तिथे त्या काळी उपासनेत वाद्य चालत नसे. स्तोत्रं छंदात बांधून गळ्यानंच म्हणायची. त्या देशाच्या डोंगराळ हायलँड भागात तर पुढचा गायक एक ओळ म्हणायचा आणि मागून सगळे ती आपापल्या नागमोडी वळणांनी घोळवायचे. हे वाचलं तेव्हा मला हसूच आलं. म्हणजे धुऱ्यावर उभं राहून भजन म्हणावं तसली पद्धत तिकडेही होतीच, पण इकडे शिकवायला आले ते चार आवाज.

ते शिकवायला सोपे झाले त्याचं श्रेय एका इंग्रज बाईंकडे आणि एका पाद्र्याकडे जातं. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांनी मुलांना गाणं शिकवण्यासाठी डो, रे, मी अक्षरांनी लिहिण्याची पद्धत बसवली, आणि जॉन कर्वेन यांनी ती ‘टॉनिक सोल्फा’ या नावानं एकोणिसाव्या शतकात जगभर पोचवली. तिची खुबी अशी, की त्यातला ‘डो’ एका जागी खिळलेला नाही. ज्या पट्टीत गायचं तिथे तो सुरू होतो. पाच रेघांच्या नोटेशनला घाबरणाऱ्या आपल्या माणसाला हे लगेच कळतं, कारण आपला सा अगदी असाच असतो. मिझोराममध्ये आजही क्वायर या अक्षरांवरून गातात. युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाद्री घडवणारी संस्था 1953 पासून 1983 ला पुण्याला जाईपर्यंत यवतमाळला होती, त्या काळात देशभरातले विद्यार्थी तिथे शिकले. आमच्याकडच्या जुन्या माणसांना चार आवाजांची गोडी आहे, तिला असं बरंच काही कारण झालं असावं.

पण मराठीत हे गाणं बसवताना एक अडचण पहिल्या दिवसापासून आहे. विलायती स्तोत्रांचा सर्वात रूढ छंद 8, 6, 8, 6 अक्षरांचा, आणि त्यात हलका-जड, हलका-जड अशी चाल. इंग्रजीत जोर कुठे द्यायचा ते ठरलेलं असतं. मराठीत तसा जोर नाही, ऱ्हस्व-दीर्घ आहे. त्या चालीत ‘येशू’ ओळीच्या सुरुवातीला आला, की ‘ये’ हलक्या ठोक्यावर घाईघाईनं उडवला जातो आणि ‘शू’वर सगळा भार पडतो. एकदा हे कानाला खटकलं की मग खटकतच राहतं. कितीतरी भाषांतरित गीतं आम्ही लहानपणापासून अशी म्हणत आलो, आणि आता ती तशीच प्रिय आहेत, हा भाग वेगळा.

अभंग मात्र 6, 6, 6, 4 अक्षरांचा, आतल्या यमकाचा, आणि म्हणणाऱ्याच्या श्वासाला आपसूक जमणारा. मराठी ओवीत ख्रिस्तकथा सांगण्याचा प्रयोग गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 1616 मध्येच करून ठेवला होता. त्यांच्या ख्रिस्तपुराणात 11 हजारांच्या आसपास ओव्या आहेत. पण मराठी चर्चच्या गळ्यात आपलं गाणं खऱ्या अर्थानं उतरवलं ते रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी. त्यांचा नागपूरशी जवळचा संबंध होता. धर्मांतराच्या आधी ते तिथे अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयानं काम करत होते. 1893 मध्ये राजनांदगावच्या रेल्वे प्रवासात एका युरोपियन गृहस्थाशी बोलणं झालं आणि त्याच्याकडून बायबलचा नवा करार हाती पडला. 1895 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, अशी त्यांची भावना होती, आणि त्यांनी लिहिलेली गीतं तशीच आहेत. पद, अभंग, भजन. शेजारच्या विठ्ठलभक्तानं दारातून ऐकलं तरी त्याचा पाय थांबावा अशी. ‘उपासना संगीत’ हे मराठी मंडळ्यांचं गीतपुस्तक उघडलं की पानोपानी त्यांची गाठ पडते.

म्हणजे एकाच पुस्तकात दोन जातींची गाणी आली. एक जमीन हलवणारी आणि एक जमीन न हलवणारी. माझं स्पष्ट मत असं, की दुसऱ्या जातीच्या गाण्याला पहिल्या जातीचे कपडे घालू नयेत. भजनात मींड असते, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं असतं. तिथे खाली तीन आवाज ठोकून बसवले की ती घसरण अडकते आणि चाल शाळेच्या कवायतीला लागते. भजनाची सामुदायिकता वेगळ्या जागी असते. पुढचा एक म्हणतो, मागचे उचलतात, तिसऱ्यांदा लय चढते, टाळ आणि ढोलकी सरसावतात, आणि सूर न लागणाराही त्यात सामावून जातो. चार आवाजांत असा सामावून जाणारा चालत नाही. तिथे प्रत्येकाला आपली ओळ पाठ हवी. म्हणून एक सोवळं आणि एक ओवळं, असा भेद जो काही ठिकाणी अजून केला जातो, त्याचा मला रागच येतो. रविवारी सकाळी सूटबूटवाल्या चालीनं उपासना आणि संध्याकाळी ‘साध्या लोकांसाठी’ भजन!

इमारतीचाही यात मोठा हात आहे. युरोपातल्या दगडी चर्चमध्ये एक सूर सोडला की तो कित्येक सेकंद छताखाली रेंगाळतो. ग्रेगोरियन गायन संथ का, पॅलेस्ट्रीनाचे आवाज एकावर एक का चढतात, हे त्या छताकडे बघितलं की कळतं. तिथे जलद बोललात तर शब्दांचं कालवण होतं. आमचं चर्च म्हणजे कवेलू किंवा टिनाचं छत, दोन्ही बाजूंनी उघड्या खिडक्या, वर फिरणारे पंखे. सूर तोंडातून निघाला की खिडकीतून वावरात गेला. रेंगाळणं नाहीच. त्यामुळे तेच संथ गीत आमच्याकडे उघडं पडतं, प्रत्येकाचा श्वास आणि प्रत्येकाचा खोकला ऐकू येतो. उलट ढोलकीचा तुटक बोल तिथे स्वच्छ लागतो. आणि पावसाळ्यात टिनावर सरी कोसळायला लागल्या की बासवाल्यांनी गाणं सोडून दिलं तरी कोणाला कळत नाही.

श्वासाचं एक तंत्र मात्र दगडी चर्च असो की टिनाचं, सगळीकडे तेच. लांब सूर अखंड राहायला हवा असेल, तर एकाच आवाजाच्या माणसांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नाही. शेजारचा घेतोय हे कानानं टिपायचं आणि आपण थांबायचं. आपला आवाज परत आत शिरवताना तो हळू शिरवायचा, दार ढकलून नाही. जिथे ओळ संपते तिथे मात्र सगळ्यांनी मिळून. स्वीडनच्या गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं, की एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके बरोबरीनं वाढू-घटू लागतात, कारण गाणं श्वासाला ठरावीक चालीत बांधतं आणि श्वास हृदयाला. याचा भक्तीशी काय संबंध ते ज्यानं त्यानं ठरवावं. भजनी मंडळालाही हेच लागू पडणार यात मला शंका नाही.

कॅथलिक मंडळींची गोष्ट थोडी निराळी. त्यांचा मिस्सा शतकानुशतकं लॅटिनमध्ये चालला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं डिसेंबर 1963 मध्ये उपासनेचा दस्तऐवज काढला, त्यानंतर लोकभाषेची वाट मोकळी झाली आणि मराठी मिस्सात पेटी-तबला रुळला. गंमत अशी, की त्याच दस्तऐवजात ग्रेगोरियन गायनाला मानाचं स्थान द्यावं असंही म्हटलं आहे, आणि मिशनच्या प्रदेशांत तिथल्या लोकांच्या संगीताला योग्य जागा द्यावी असंही. दोन्ही वाक्यं खरी ठेवून गाणं कसं बसवायचं, हे दर रविवारी फादर आणि पेटीवाला यांनी आपसांत ठरवायचं. चंद्रपूरकडे सिरो-मलबार परंपरेचं चर्च आहे. त्याची मुळं केरळातल्या सुरियानी उपासनेत, म्हणजे तिथे तिसराच सूर.

आता आमच्यासारख्या छोट्या मंडळीनं चार आवाज करायचे तरी कसे? अडचण नेहमी टेनरची. तरुण मुलं पुण्याला, हैदराबादला कामाला गेलेली. राहिले ते एक तर बास, नाहीतर आपण टेनर आहोत असं समजणारे. अशा वेळी चार आवाजांचा हट्ट सोडून वरची चाल, आल्टो आणि बास एवढं गायलं तरी भागतं, कारण जमीन बास धरतो आणि रंग आल्टो भरते. वर सांगितलेल्या ‘आमेन’मधून टेनर काढून बघा, पहिल्या ठोक्याला काहीच बिघडत नाही. दुसऱ्या ठोक्यावर सा, प, सा एवढंच उरतं आणि ग नसल्यानं ते पोकळ लागतं. मग आल्टोवाल्या मावशीला प ऐवजी ग वर आणायचं, झालं काम. अशा तडजोडी प्रत्येक गावची क्वायर करते, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

तडजोड जिथे मला पटत नाही ती एकच, इलेक्ट्रॉनिक कीबोर्डची. बटण दाबलं की ताल, बास, सगळं आपोआप वाजतं. गाणाऱ्यांना एकमेकांकडे कान द्यायची गरजच उरत नाही. सगळे त्या डब्याकडे कान लावून बसतात, आणि लाइट गेली की गाणंही जातं. लाइट तर आमच्याकडे जातेच.

या नाताळला शेजारच्या गावच्या चर्चमध्ये जाणं झालं, तर पहिल्या कडव्याला नेहमीसारखी चाल ऐका, ती आपोआप ऐकू येतेच. दुसऱ्या कडव्याला चाल सोडून मुद्दाम सगळ्यात खालच्या आवाजाचा माग धरा. बासवाले बहुधा मागच्या रांगेत, भिंतीला टेकून असतात. तो एकदा हाती लागला की तिसऱ्या कडव्याला मधला आल्टो शोधायचा. तो सापडणं सगळ्यात अवघड, कारण तो फारसा हलतच नाही. नाहीच सापडला तर सरळ प्रॅक्टिसला या. तिथे मावशी तो एकटीनं, पाच-सहा वेळा म्हणून दाखवते.